ज्या घरची घोडी, त्या घरची बाई

माझं माहेर मंगरूळपीरजवळचं, भाजीच्या मळ्यातलं. आमच्याकडे जनावर म्हणजे मोटेचे बैल, एक म्हैस आणि कोणाचं न ऐकणाऱ्या दोन शेळ्या. घोडा मी पाहिलेला तो वरातीतला, नवरदेवाखाली, तोही भाड्याचा. म्हणून लग्न होऊन किन्हीराजाकडच्या त्या खेड्यात आले आणि दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी माझ्या हातात खराटा देऊन घोडी बांधायच्या ठाणाकडे बोट दाखवलं, तेव्हा माझं टाळकंच सरकलं. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, ही पोरगी सासरी टिकली तर मी देवाला नारळ फोडीन. तिनं तो फोडला की नाही मला माहीत नाही, पण मी टिकले, आणि टिकले ती सासूबाईंमुळे.

आमच्या बाजूला सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामाजी. आत्याबाई अंगानं एवढ्याशा होत्या. घोडीच्या पोटाखालून वाकल्याशिवाय जाता यायचं त्यांना. पण घरातलं कोणतंही दांडगं जनावर, त्यात मामाजीही आले, त्यांच्या आवाजावर चालायचं. मामाजी उंच, शिडशिडीत, बोलायला कंजूष. घरात पाहुणा आला तर त्याचं नाव विसरतील, पण घोडीनं सकाळी किती लीद टाकली ते संध्याकाळपर्यंत लक्षात ठेवतील. त्यांच्या वडिलांपासून दारात शर्यतीचं घोडं होतं. शेती ज्वारी-कपाशीची, बेताची. मोठी होती ती फक्त घोड्याची हौस.

ही गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली, जगाची दुसरी लढाई लागायच्या आधीची. तूर घरात आली, कपाशीची वेचणी उरकली, की माघात नाल्याकाठच्या मोठ्या माळावर जत्रा भरायची. जत्रेच्या शेवटच्या दिवशी घोड्यांची शर्यत. तिचं नाव एवढं, की पंधरा-वीस कोसांवरून माणसं छकड्यांत भाकरी बांधून यायची. ज्याचं घोडं पहिलं येईल त्याला पंच भरजरी फेटा बांधायचे, आणि पुढच्या जत्रेत मिरवणुकीत पहिलं चालायचा मान त्याच घोड्याचा. फेट्याचं कापड दोन वर्षांत विरून जायचं, पण ‘यांच्या घोड्यानं फेटा आणलेला’ हे पाहुण्यारावळ्यांत तीन पिढ्या पुरायचं.

आमच्या वेळची घोडी कुमैत रंगाची होती, गर्द लालसर, कपाळावर पांढरा टिळा. शिंगरू असतानाच तिची आई गेली. आत्याबाईंनी तिला गाईच्या दुधावर वाढवलं, चिंधीचा बोळा दुधात बुडवून. घरात तिला काही नाव नव्हतं. आत्याबाई तिला ‘बाई’ म्हणायच्या. सकाळी भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी घेऊन गेल्या, की टाळ्याला जीभ लावून दोनदा टक-टक करायच्या आणि म्हणायच्या, ये वं बाई, ये. त्या आवाजासरशी घोडी परसाच्या कोणत्याही कोपऱ्यातून यायची. मी तोच आवाज काढून पाहिला. घोडीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि शेपटीनं माशी हाकलली. मला जो काय अपमान वाटला.

आता खरी गंमत सांगते. या सगळ्या थाटामाटात एक रीत होती: ज्या घरची घोडी, त्या घरची बाई मैदानावर जायची नाही. बाकी गावच्या बाया नटूनथटून जायच्या, रेवड्या खायच्या, घोड्यांना नावं ठेवायच्या. पण जिनं वर्षभर चंदी घातली, खरारा केला, शेण-लीद काढली, तिनं घोडीला शिवेपर्यंत पोहोचवायचं, खुरांवर पाणी घालायचं, हळदकुंकू लावायचं आणि मागे न बघता घरी यायचं. मग दारात बसून वाट बघायची. डफडं वाजत परत आलं तर जिंकली, माणसं मुकाट आली तर हरली.

कारण काय, तर म्हणे कोणे एके काळी कोणाचा तरी घोडा सगळ्यांच्या पुढे पळत होता. गर्दीत त्याला घरधनीण दिसली. तो रिंगण सोडून सरळ तिच्याकडे गेला आणि तिच्या पदराला बांधलेली भाकरी खात उभा राहिला. तेव्हापासून ही बंदी. गडीमाणसं ही गोष्ट अशा चेहऱ्यानं सांगायची, जणू त्या घोड्यापायी राज्य बुडालं. आत्याबाई ऐकायच्या आणि म्हणायच्या, घोड्याची काय चूक त्यात, भुकेला असन बिचारा. पण रीत मोडली नव्हती त्यांनी. लग्न होऊन आल्यापासून वीस-बावीस वर्षं, तीन घोडी हाताखालून गेली, आणि आत्याबाईंनी त्यातलं एकही पळताना पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी मात्र ठिणगी पडली. मामाजी जेवताना म्हणाले, की यंदाची शर्यत घोडीची शेवटची, पुढच्या वर्षापासून तिला पळवायचं नाही, वळू घोडा दाखवून शिंगरू घ्यायचं. आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्यांना कळलं नाही, मीच उलटवली. मग त्या तिथूनच, मागे न वळता म्हणाल्या, “मले यंदा पाह्यचं हाय.”

मामाजींना आधी समजलंच नाही काय बघायचं आहे. समजल्यावर ते नाही म्हणाले. ओरडले वगैरे नाहीत. घोडी बिथरली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढंच बोलून हात धुवायला उठले. आमचे हे तिथेच बसले होते. घोडीवर बसायचं काम यांचंच, तेव्हा यांनी तरी आईची बाजू घ्यावी की नाही. यांनी ताटातल्या ठेच्याचं निरीक्षण चालवलं होतं. मी रात्री त्यांना बोलायचं ते बोलले. त्याचा इथे तपशील देत नाही.

पुढचे दिवस आत्याबाई त्याविषयी अवाक्षर बोलल्या नाहीत. शर्यतीचा साज काढून उन्हात घातला, तुटलेले गोंडे नव्यानं ओवले, झुलीचे सुटलेले आरसे टाचले. घोडीच्या शेपटीला मेंदी लावून ती पिळून सुकवली. पण एकदा खरारा करता करता मला म्हणाल्या, “सून म्हनून नाई, पोरगी म्हनून सांगतो. मले फेट्याचं काई नाई वं. हिचे पाय कसे पडतात धावताना, तेवढं एकदा पाह्यचं होतं. दूध पाजलं तवा तं ह्या पायावर उभं राहता येत नव्हतं हिले.”

मी तिथल्या तिथे ठरवलं की आत्याबाईंना घेऊन जायचं, मग काय व्हायचं ते होवो.

मार्ग माझ्या माहेरानं दिला. माझा मोठा भाऊ दरवर्षी जत्रेत भाजी विकायला यायचा. आदल्या दिवशी मळ्यातून छकडा भरून निघायचा, आमच्याकडे मुक्काम करायचा, सकाळी जत्रेत. वरती तट्ट्याचं छत, पुढेमागे गोणपाट. दादाला मी परसात गाठून सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग घाबरला, मग म्हणाला, तुझ्या सासऱ्यानं पुढच्या वर्षी मला दारात उभं नाही केलं तर जत्रेत भाजी तू आणून देशील का मंगरुळातून. पण कबूल झाला. आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या लहान पोरीसारख्या तोंडावर पदर घेऊन बसल्या. मग एकदम उठून विचारलं, घोडीनं ओळखलं तर.

त्याचाही विचार मी केला होता. माझा विचार नेहमी तयार असतो, चुकतो एवढंच. माझं म्हणणं, घोडीला आत्याबाई कळतात त्या वासानं, बांगड्यांच्या आवाजानं आणि हाकेनं. तेव्हा लुगडं माझं नेसायचं. छकड्यात मुळे, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, एवढा, की त्यात माणसाचा वास राहतच नाही. बांगड्या काढायला सवाष्ण बाई तयार होईना, म्हणून दोन्ही हातांना मनगटापासून वर फडकी गुंडाळली. राहिली हाक. तोंड उघडायचं नाही, असं मी त्यांना बजावलं. सुनेनं सासूला असं बजावायची संधी वारंवार येत नाही, तेव्हा मी ते दोन-तीनदा बजावलं.

शर्यतीच्या सकाळी सगळं रीतीप्रमाणे झालं. आत्याबाईंनी शिवेवर घोडीच्या खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, मानेवर हात फिरवला. गडी डफडं वाजवत पुढे गेले. आत्याबाई मागे न बघता घरी आल्या. घरी आल्या आणि माझं हिरवं लुगडं नेसून गोणपाटामागे मुळ्यांच्या ढिगावर जाऊन बसल्या. मी शेजारी. दादानं बैल हाकले. वाटेत आत्याबाई एकदाच बोलल्या. मुळे टोचून राह्यले, म्हणाल्या.

जत्रेचं काय वर्णन करू. माळावर नजर जाईल तिकडे छकडे सुटलेले, बैल कडबा खात उभे. गोडीशेव, रेवड्या, फुटाणे, उसाच्या कांड्या. मंगरुळातून आलेले ताशेवाले चुलीवर ताशे तापवत होते. बांगड्यांच्या दुकानापुढे बायांची ही गर्दी. आणि गोणपाटाच्या फटीतून डोळा लावून बसलेल्या आत्याबाई मला कोपरखळ्या मारत विचारत होत्या, ते काय, हे कोन, त्या बाईनं नथ कुठची घातली. मी सांगत होते आणि मनात म्हणत होते, अहो, तोंड बंद ठेवायचं ठरलंय ना आपलं.

मग मिरवणूक निघाली. आधी सनई, मग ताशे, मग जत्रेचं भगवं निशाण घेतलेला म्हातारा, त्याच्यामागे घोडे. प्रत्येकाच्या गळ्यात घुंगरांचा पट्टा, कपाळावर गोंडे, पाठीवर झूल. एका घोड्याला तर मोराच्या पिसांचा तुरा, आणि तो डोळ्यावर आल्यामुळे घोडं सारखं मान झटकत होतं. लोक गुलाल उधळत होते, नारळ फोडत होते, आणि प्रत्येक गावचा माणूस आपल्याच घोड्याला ‘पाहा, पाहा’ म्हणत होता. गेल्या वर्षी जिंकलेला पांढरा घोडा सर्वांत पुढे. त्याचा मालक मिशांना तूप लावून आलेला. आमची घोडी मधे कुठेतरी होती. मामाजींनी लगाम धरलेला, नवा सदरा, मान ताठ. ती छकड्याच्या अगदी जवळून, हात लांब केला असता तर लागली असती अशी गेली. घोडीचे कान आमच्याकडे वळले, नाकपुड्या फुलल्या. मग मामाजींनी लगाम ओढला आणि ती पुढे गेली.

आत्याबाई एवढंच म्हणाल्या, झुलीवरचे आरसे असे चमकतात ते घरात कळत नव्हतं.

इथवर माझा बेत सोन्यासारखा चालला होता. दादाला मी सांगून ठेवलं होतं, की शर्यतीच्या वेळी छकडा लांब, माळाच्या टोकाला नेऊन उभा करायचा. पण आम्ही शेवटी माळी. अर्धे मुळे उरलेले, आणि सगळी गर्दी कुठे, तर शर्यत सुटते त्या चुन्याच्या रेघेपाशी. त्यानं मला न विचारता बैल तिकडे वळवले आणि रेघेच्या थोडं पलीकडे, बरोबर समोर, छकडा उभा करून मुळे घ्या मुळे म्हणून ओरडायला लागला. मी आतून त्याला चिमटे काढले. त्यानं ते मनावर घेतलं नाही. बाहेर आता माणसांची भिंत झाली होती. घोडामैदान जवळच म्हणतात, पण इतकं जवळ असावं असं माझ्या मनात नव्हतं.

शर्यत अशी असायची: रेघेपासून निघायचं, नाल्याकाठच्या मोठ्या चिंचेला वळसा घालायचा आणि परत त्याच रेघेवर यायचं. साज उतरवलेला, उघड्या पाठीवर नुसती घोंगडीची घडी. पंचांनी रुमाल टाकला आणि घोडे सुटले. धुरळ्यात काही दिसेना. लोक ओरडत होते, त्यातून कळलं की पांढरा पुढे आहे आणि आमची घोडी मागे राहिली आहे. मला यांचा राग आला. सकाळी चार भाकरी खाऊन बसलेले घोडीवर.

चिंचेपाशी घोडे वळले. पांढरा पहिला, मग दोन काळे, मग आमची. आणि त्याच घटकेला माझ्या शेजारून आवाज आला. टक-टक. आणि मग, इतक्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता एवढा मोठा, “ये वं बाई, ये.”

गर्दीच्या गलक्यात तो माणसाला ऐकू गेला नसता. घोडीला गेला की नाही, यावर आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. हे म्हणायचे, घोडी मुळातच शेवटी जोर करणारी होती. मी एवढंच सांगते, की घोडीनं मान लांब केली आणि ती जी सुटली. काळे मागे पडले. पांढऱ्याच्या बरोबरीला आली, त्याला मागे टाकलं, रेघ ओलांडली आणि थांबायचं नावच घेईना. हे लगाम ओढत होते, ते व्यर्थ. माणसांची भिंत फाटली, दादा मुळे टाकून बाजूला पळाला, आणि घोडीनं सरळ येऊन गोणपाट डोक्यानं बाजूला सारलं आणि आत्याबाईंच्या मांडीत तोंड खुपसलं.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग हसू फुटलं, सगळ्या माळावर. पण पांढऱ्या घोड्याचा मालक हसला नाही. तो पंचांपुढे जाऊन उभा राहिला. रीत मोडली, म्हणाला, घरची बाई मैदानात बसवून घोडी ओढली, ही शर्यत धरायची नाही. दादा आमचा हुशार. तो लगेच म्हणाला, की घोडी मुळ्याच्या पाल्यावर आली, आत माझी मावशी आहे, मंगरुळाची. आणि खरंच, घोडीच्या तोंडाला त्या घटकेला मुळ्याचा पाला होता. आत्याबाईंनी डोक्यावरून पदर असा ओढलेला, की नाकाचा शेंडाही दिसत नव्हता. हाताला फडकी. त्या कोणाच्याही मावशी असू शकल्या असत्या.

पंचांमधले म्हातारे गृहस्थ मामाजींकडे वळले. म्हणाले, “भाऊ, तुमीच सांगा. गाडीत कोन हाय?”

मामाजी धावत आले होते, धापा टाकत होते. त्यांनी हिरवं लुगडं पाहिलं, मला पाहिलं. नुसतं ‘मले काय ठाऊक’ म्हटलं असतं तरी फेटा त्यांचा होता, आणि त्यांनी तसं म्हणावं असंच मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आत्याबाईंचाही पदर त्यासाठीच ओढलेला होता. मामाजींनी एकदा घोडीकडे बघितलं. तिचे डोळे अर्धे मिटलेले, आणि फडक्यात गुंडाळलेला एक हात तिच्या कपाळावरच्या टिळ्यावरून फिरत होता. तो हात आपोआप फिरत होता, आत्याबाईंना त्याचं भानही नसावं.

मामाजी म्हणाले, “आमच्या घरची हाय. घोडी तिनंच वाढोली. आता ठरवा काय ठरवाचं ते.”

फेटा पांढऱ्या घोड्याच्या मालकाला बांधला गेला. ताशे त्याच्यापुढे वाजले. मामाजींनी ते उभं राहून नीट बघितलं, आणि मग आमच्याकडे येऊन आत्याबाईंवर खेकसले, की आता बसून काय राह्यली, उतर खाली, घोडी आमच्याच्यानं हालत नाही. ते खरंच होतं. चार गड्यांनी ओढूनही ती छकडा सोडत नव्हती. आत्याबाई उतरल्या. घोडी वासरासारखी त्यांच्या मागे चालायला लागली. त्यांनी लगामालाही हात लावला नाही. बघणारे बाजूला होत होते, आणि मला आठवतं, बायांच्या घोळक्यातून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, की फेटा कोनाचाही असो, घोडी तं हिची. मला इतका आनंद झाला की मी त्या म्हातारीला उरलेले चार मुळे फुकट दिले. दादानं डोळे वटारले.

दादाला छकड्यापाशी सोडून आम्ही नाल्यावर आलो. घोडीला पाणी दाखवलं, यांनी तिचं अंग चोळलं. मामाजी दूर एका दगडावर बसून तोंड धूत होते. घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय या धास्तीनं मी गप्प होते, पण मला फार वेळ गप्प बसवत नाही. मी आत्याबाईंना हळूच विचारलं, कशी दिसली, पाय कसे पडत होते तिचे.

आत्याबाई म्हणाल्या, “पाह्यली कुठं वं? चिंचेवरून वळली अन् मले असा धाक भरला. डोये गच्च मिटून घेतले. हाक मारली तेही मिटल्या डोयानंच. उघडून पाह्यतो तं हे तोंड मांडीत.”

मला हसू आवरेना. हसता हसता रडू यायला लागलं. वीस-बावीस वर्षं थांबलेली बाई, रीत मोडली, मुळ्यांवर बसली, फेटा घालवला, आणि ऐन वेळी डोळे मिटून बसली. आत्याबाईही हसत होत्या, पण त्या हसण्यात काही राम नव्हता. पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, जाऊ दे, तेवढंच नशिबात.

मामाजींचं तोंड धुणं थांबलेलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं हे मला तेव्हा कळलं. ते बसून राहिले, घोडीचा घाम सुकेपर्यंत, तिचा श्वास शांत होईपर्यंत. माळावरची गर्दी ओसरली, छकडे एकेक करून वाटेला लागले, रेवडीवाल्यांनी दुकानं आवरली. ऊन कलून पिवळं झालं. मग मामाजी उठले, घोडीच्या छातीवर तळवा ठेवून बघितला आणि यांना म्हणाले, घे तिला चिंचेपर्यंत, आणि तिथून पळवत आण, फार ताणू नको.

हे म्हणाले, “आता कायले, बाबा? शर्यत सरली.”

मामाजी म्हणाले, “तुह्या मायले पाह्यची हाय.”

हे घोडीवर बसले आणि गेले. रिकाम्या माळावर आम्ही तिघं उभे राहिलो, चुन्याची रेघ पायाखाली तुडवून पुसट झालेली. मामाजी आत्याबाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. एरवी दोघं असे जवळ कधी उभे राहत नसत. ते म्हणाले, डोये उघडे ठेव. आत्याबाईंनी मान हलवली.

चिंचेपाशी घोडी वळली. आता ना धुरळा होता, ना दुसरं घोडं. तिला एकटीला पूर्ण बघता येत होतं. पाय जमिनीला लागतात न लागतात तोच उचलत होते, मान लांब, आयाळ उडालेली. मळ्यातली मी बाई, मला घोड्यातलं काय कळतं, पण माझ्याही अंगावर काटा आला. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांचे दोन्ही डोळे टक्क उघडे होते, पाणी वाहत होतं तरी त्या पुसत नव्हत्या. तोंड थोडं उघडं राहिलेलं. मग मी मामाजींकडे बघितलं. ज्यांनी पळत्या घोड्यावरची नजर उभ्या जन्मात कधी काढली नव्हती, ते त्या सगळ्या वेळात घोडीकडे बघतच नव्हते. ते आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत उभे होते.